सुपावरचे सात कवडसे

माझ्या सासऱ्यांना सावली मोजता येत नव्हती. हे मी आज लिहिते आहे, कारण ते गेले, त्यांचा मुलगा गेला, आणि ज्या मडमेनं मला कंपाउंडाबाहेर काढलं ती कधीच विलायतेला निघून गेली. त्यांच्यासमोर मी हे एकदाच बोलले होते. त्याचं काय झालं, तेच सांगायचं आहे.

ठाण्यात खाडीच्या अंगाला एका साहेबाचा बंगला होता आणि सासरे तिथे मुख्य माळी होते. मूळचे वसईकडचे. तिथे त्यांच्या बापजाद्यांचा पानमळा होता. मळ्याला रोग लागला, वेल बसली, विहीर गहाण पडली, आणि हा माणूस नेसत्या धोतरानिशी ठाण्याला येऊन साहेबाच्या गुलाबांना पाणी घालू लागला. मळा गेला, पण मळ्याचा सोवळेपणा गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते मी रोज डोळ्यांनी बघत होते. पानमळ्यात वहाणा घालून जायचं नाही, पारोशानं जायचं नाही, आणि बाईनं तिच्या चार दिवसांत तर मळ्याच्या कुंपणाकडे तोंडसुद्धा करायचं नाही. विटाळशीची सावली पडली तर वेल एका रात्रीत जळते, असं ते सांगत. त्यांच्या मळ्याला रोग लागला तोही कुणा बाईमुळेच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कोण बाई, ते मात्र कधी सांगितलं नाही.

मडमेला वेड होतं नेच्यांचं. फुलं नकोत, फळं नकोत, नुसती पानं. त्या काळी सगळ्याच मडमांना ते वेड होतं म्हणतात. बंगल्याच्या मागे बांबूचा तीन खणांचा मांडव घालून त्यावर माडाच्या चुडतांचे विणलेले झाप टाकले होते आणि खाली ओळीनं कुंड्या. आम्ही त्याला झापघर म्हणायचो. त्यात बाशिंग नावाचे नेचे होते, मोठमोठ्या पात्यांचे रानटी नेचे होते, पण मडमेचा जीव होता हंसराजावर. तारेसारखा काळा देठ, त्यावर हिरवी नखाएवढी पानं. वाऱ्याची झुळूक आली की सगळी कुंडी थरथरायची.

मी सासरी नांदायला आले तेव्हा हंसराज मरायला टेकला होता. सासऱ्यांनी त्याला पानवेलीची सावली दिली होती, कारण त्यांना तेवढीच ठाऊक. तीन झाप एकावर एक. आत दुपारी बारा वाजता दिवेलागण. पानं मोठी झाली होती, पण पातळ आणि फिकी. देठ काकडीच्या वेलासारखे लांबत गेले होते आणि पाण्याचा थेंब पडला तरी मान टाकत होते. पानाच्या मागच्या कडेला जी तपकिरी किनार धरते, जिच्यातून पुढची रोपं होतात, ती एकाही पानाला नव्हती. मडम रडकुंडीला आली, तेव्हा सासऱ्यांनी रागारागानं दोन झाप काढून टाकले. मग पानं बारकी झाली, पिवळी पडली आणि दुपारनंतर कडा आत वळवून बसू लागली. पुन्हा तीन झाप. असं चाललं होतं.

माझं माहेर मोहन्याचं, कल्याणच्या पुढे, नदीकाठचं. आमच्याकडे हंसराज कुणी लावत नाही, तो आपला आपण येतो. काठावर एक जुना करंज होता आणि त्याखाली दगडांच्या बेचक्यांत जेवढा हंसराज होता तेवढा मी पुढे कुठे पाहिला नाही. आई त्याच करंजाखाली बसून तांदूळ पाखडायची. सुपात उन्हाचे ठिपके पडायचे आणि मी लहानपणी ते वेचायला बघायची. ठाण्याला आल्यावर एक दिवस मी सूप घेतलं, भर दुपारी झापघरात गेले आणि कुंड्यांच्या उंचीला ते धरून उभी राहिले. तीन झापांखाली सुपात एक कवडसा पडला, तोही मेलेला. एका झापाखाली वीस-पंचवीस, मोजता येईनात इतके. मग मी दोन झाप घातले, त्यातला वरचा विरळ विणीचा घेतला, आणि तो सरकवत सरकवत गेले. सुपात जेव्हा करंजाखाली पडायचे तसे सात कवडसे पडले, तेव्हा झाप बांधून टाकला.

महिन्याभरात हंसराजानं अंग धरलं. मातीतून बाळमुठीसारखे वळलेले कोंभ वर आले. देठ आखूड, ताठ. पान लहान पण गडद. दोन महिन्यांनी मागच्या कडेला तपकिरी किनार दिसू लागली. बाशिंगाला जास्त ऊन लागतं, त्याला मी बारा-चौदा कवडसे दिले. सूर्य उत्तरेकडे सरकला की झाप सरकवायचा, दक्षिणेकडे आला की पुन्हा मागे घ्यायचा. यात अक्कल ती कसली, नजर पाहिजे. पण ती नजर माझी होती, आणि ते त्या घरात सगळ्यांना कळलं होतं.

सासरे आधी कुरकुरले, मग मडम खूश दिसू लागल्यावर गप्प बसले, आणि मग एक दिवस म्हणाले, "सूनबाय, सूप घेऊन ये गो." त्यांच्या तोंडून निघालेली शाबासकी म्हणून मी ती आजवर जपून ठेवली आहे. मला सासू नव्हती, नवरा होता पण दुपारनंतर ताडीच्या दुकानात. त्याला मी तोंडावर अहो-जाहो करत असे, लिहिताना करणार नाही. मडम रोज सकाळी यायची, मला सूप धरायला लावायची आणि वहीत काहीतरी लिहायची. मराठीतला पहिला आकडा ती माझ्याकडून शिकली. "सात," असं म्हणायची आणि हसायची. ती बूट घालूनच आत यायची. तिला कोण अडवणार? ती गेली की सासरे तिच्या पावलांवर पाणी शिंपडायचे. तेव्हा मला हसू यायचं.

माझे चार दिवस आले की मी विहिरीजवळच्या जांभळीखाली बसायची. तिथून झापघर पुरं दिसायचं. माहेरी आमच्यात हे एवढं नव्हतं. चूल आणि देव एवढं सोडलं की बाई शेतात भाजी खुडायला मोकळी. पण सासर पानमळेवाल्यांचं. मी मुकाट बसायची. चार दिवस म्हणजे काही जन्म नव्हे, असं मनाशी म्हणायची.

दुसऱ्या वर्षी वैशाखात मडम माथेरानला गेली. जाताना सासऱ्यांना बजावून गेली की पाऊस लागला की मोठ्या साहेबाची मडम जेवायला येणार आहे, टेबलावर हंसराज मांडायचा आहे, तेव्हा एक पान सुकता कामा नये. सुकलं तर दुसरा माळी बघीन, असंही म्हणाली. आम्ही तिघं राहत होतो ती खोली बंगल्याच्या आवारातली. माळीपण गेलं की खोली गेली.

आणि सासरे एका लग्नाला वसईला गेले. दोन रात्रींसाठी. झापघर नवऱ्यावर सोपवलं. माझा त्या दिवशी दुसरा दिवस होता.

दुपारी खाडीकडून वावटळ उठली. धुळीनं डोळे मिटले, उघडले तर मधल्या खणावरचे दोन्ही झाप उडून कुंपणाला लटकलेले आणि खाली हंसराजाच्या साठ कुंड्यांवर वैशाखाचं ऊन. वर एक काडी नाही. मी नवऱ्याला हाका मारल्या. तो खोलीत पडला होता, घोरणं मला जांभळीखाली ऐकू येत होतं. बंगल्यातली माणसं मडमेबरोबर गेलेली. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. पानं कडा वळवू लागलेली तिथून दिसत होती. हंसराज एकदा करपला की पाणी घालून मागे येत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि खोली गेली तर आम्ही कुठे जाणार हेही ठाऊक होतं.

मी गेले. उडालेले झाप फाटले होते, म्हणून तिसऱ्या खणाकडे वळले. त्या खणात सासऱ्यांनी हट्टानं त्यांच्या पद्धतीनं तीन झापांखाली चाळीस कुंड्या ठेवल्या होत्या. झाप सोडवायला मला त्या कुंड्यांमधून वाट काढावी लागली, काही उचलून बाजूलाही ठेवाव्या लागल्या. तिथला एक झाप आणला, कुंपणावरचा त्यातल्या त्यात धड तो घेतला, आणि मधल्या खणावर बांधून टाकले. सूप नव्हतं. तळहातावर कवडसे मोजले. मग जांभळीखाली येऊन बसले. संध्याकाळपर्यंत पानं पुन्हा उलगडली. चार-पाच टोकं करपली, बाकी सगळं जिवंत. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसत बसले.

सासरे परत आले ते सरळ झापघरात गेले. वर बघितलं. माझ्या माहेरी होडीचा दोर बांधतात तशी मी गाठ मारली होती. तशी गाठ त्या घरात दुसरं कुणी मारत नसे.

"ही गाठ कोणी मारली?" त्यांनी जांभळीकडे न बघता विचारलं.

नवरा दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी म्हटलं, "मी मारली, मामंजी. झाप उडाले होते. हाका मारल्या, कुणी उठलं नाही."

त्यांनी विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि गवळ्याकडून गोमूत्राची घागर भरून आणली. पानमळ्यात असं काही झालं की आंब्याच्या पानानं चार थेंब शिंपडतात, असं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. पण इथे साठ कुंड्यांना विटाळ, तोही दुसऱ्या दिवसाचा. चार थेंबांनी काय होणार? त्यांनी घागर झारीत ओतली आणि साठच्या साठ कुंड्या पानांवरून न्हाऊ घातल्या. वर उन्हाळा. मी लांबून ओरडले, "मामंजी, पाणी तरी मिसळा!" त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं म्हणूनच मिसळलं नाही.

तिसऱ्या दिवशी कडा काळ्या पडल्या. आठव्या दिवशी मधल्या खणात नुसते काळे देठ उभे होते, केस उपटल्यासारखे. मातीवर पांढरा थर आला होता.

"बघ," सासरे नवऱ्याला म्हणाले. "मी सांगत होतो ना रे? वेल असो नाहीतर काय असो, बाईचा विटाळ सोसत नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

मला आत जायला बंदी होती, पण दारातून दिसत होतं. तिसऱ्या खणातले हंसराज, ज्यांना मी त्याच दिवशी, त्याच हातांनी शिवले होते, ते जिवंत होते. जिवंत कसले, जन्मात आले नव्हते इतके बहरले होते. एक झाप मी काढून नेला, त्यामुळे त्यांना पहिल्यांदाच पुरेसा उजेड मिळाला होता. फिक्या जुन्या पानांच्या बुडातून घट्ट कोंभ वर येत होते. तिथला झाप वावटळीनं नेला असंच सासऱ्यांना वाटलं होतं, तो खण विटाळल्याचं माहीतच नव्हतं, म्हणून तिथे झारी फिरली नव्हती.

मी वेडी. मला वाटलं, माझ्या हातात पुरावा आहे. डोळ्यांना दिसतंय ते माणूस नाकारणार कसं? मी सासऱ्यांना दाराशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "मामंजी, माझ्या शिवण्यानं मरायचे असते तर हेही मेले असते. मी इथेही आले होते. हे बघा, हे वाढतायत. तुम्ही ओतलंत ते त्यांना सोसलं नाही."

ते बराच वेळ त्या कोंभांकडे बघत राहिले. मला वाटलं, पटतंय. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच म्हाताऱ्या माणसासारखा दिसला आणि मला त्यांची कीवही आली.

"किती कुंड्यांना हात लावलास गो?" त्यांनी हळूच विचारलं.

"चाळीसांमधून गेले, मामंजी. कुठे हात लागला, कुठे पदर."

ते वळले आणि गवळ्याकडे गेले.

मी त्यांच्या मागे धावले, पदर पसरला, पाय धरले. पाय धरले तर ते म्हणाले, सोड, मला अंघोळ आहे. त्या चाळीसही कुंड्या त्यांनी न्हाऊ घातल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून घेतलं होतं. गप्प बसले असते तर चाळीस जगल्या असत्या, आणि चाळीसांवर मडमेचं टेबल भरलं असतं. खरं सांगितलं आणि होता नव्हता तो पुरावा मीच मारून टाकला.

मडम आली. सासऱ्यांनी मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं की या बाईनं नको त्या दिवशी हात लावला. मडमेला विटाळ कळत नव्हता, पण नुकसान कळत होतं. मातीवरचा पांढरा थर तिनं बोटानं उकरून बघितला, बोट नाकाशी नेलं आणि रुमालाला पुसलं. तिला कळलं. मी शपथेवर सांगते, तिला कळलं. पण माळी जुना होता, गुलाब त्याच्या हाताखाली होते, आणि सुना काय, पुष्कळ मिळतात. ती म्हणाली, ज्यानं केलं तो आवारात राहणार नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. वही तिच्या काखेत होती, तिच्यात माझे सात कवडसे लिहिलेले.

नवऱ्यानं मला कल्याणपर्यंत आणून सोडलं. उतरताना म्हणाला, "बोलली नसतीस तर बापानं विसरलंही असतं." त्याचंच बरोबर होतं, याचा मला अजून राग येतो. वर्षाच्या आत त्यानं दुसरी केली.

मोहन्याला आई-वडील होते तोवर होते. मग भावाच्या मळ्यात भाजी खुडत राहिले. कल्याणच्या एका मास्तरांच्या बायकोकडे भाजी घालता घालता अक्षरं शिकले, तिशी उलटल्यावर. टाकलेली बाई म्हणून गावानं जे म्हणायचं ते म्हटलं. ते इथे लिहून शाई कशाला घालवू?

पाच-सहा वर्षांनी एका श्रावणात सासरे दारात उभे राहिले. पाठ वाकली होती. डोक्यावर दोन रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, न्यायला आले. लाज वाटते लिहायला, पण मी पदर सारखा केला आणि परसात तीन दगडांवर पाणी ठेवायला वळले.

ते बाहेरच बसले. म्हणाले, नवी मडम आली आहे, हिलाही नेचेच पाहिजेत, जुन्या कुंड्या रिकाम्या पडल्यात. तीनदा रोपं आणली, तीनदा गेली. "तुमच्या नदीवर हंसराज आहे ना गो? दोन टोपल्या दे. आणि ते सूप... किती मोजायचीस?"

एवढ्यासाठी आले होते.

मी विळा घेतला, तेव्हा त्यांनी हात वर केला. नजर खाली घालून विचारलं, "आज शिवण्यासारखी आहेस ना?"

माझा तिसरा दिवस होता.

"आहे, मामंजी," मी म्हटलं.

करंजाखाली जाऊन मी दगडांतून एकेक रोप मातीसकट सोडवलं. ऐंशी तरी असतील. मुळांना ओलं शेवाळ गुंडाळलं, टोपल्या भरल्या. शेवटच्या रोपापाशी तोंडाशी आलं होतं सगळं. सांगावं, आत्ताच सांगावं, भर उजेडात, या माणसाच्या तोंडावर. पण मग टोपल्या नदीत उपड्या झाल्या असत्या, नाहीतर गवळ्याकडे गेल्या असत्या. रोपांना काय कळतं? एकदा माझ्या खऱ्यापायी शंभर मेली होती.

त्यांनी टोपलीला हात लावून हात कपाळाला नेला. पानमळ्यातली सवय. म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. बाकी सगळं नशिबाचं." आणि उठले. मला ये म्हणाले नाहीत. परसातलं पाणी उकळून आटलं होतं.

बांधावरून त्यांनी पुन्हा विचारलं, "किती, ते राहिलंच सांगायचं."

वाटलं, दोन सांगावेत, नाहीतर वीस. मेली तर मेली. तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं.

"सात," मी म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ ठाण्याला भाजी घेऊन गेला होता. त्यानं बंगल्याच्या मागच्या बाजूनं डोकावून बघितलं. म्हणाला, एकही मेलं नाही, ताई, कुंडी दिसत नाही इतकी भरलीत. आणि तुझी सवत सूप धरून उभी होती.